दोनशे अठराव्या रोपाचा बाप

चारशे रोपांपैकी एकच रोप फुललं होतं, आणि उपटण्याची लाल पट्टी नेमकी त्यालाच बांधलेली! हे कोडं काही केल्या कालिंदीला सुटेना.

साल २०६१. हिवाळा असा यंदा आलाच नव्हता. माळावरच्या ऑलिव्ह संशोधन केंद्रात निवड्या नावाचा यंत्रमानव पाच वर्षांच्या रोपांमधून खडखडत फिरत होता.

"निवड्या, थांब! दोनशे अठराला लाल पट्टी का?"

"पानातला डीएनए (पेशीतली गुणांची चिठ्ठी) वाचला. आई नोंदीप्रमाणे. बाप अज्ञात. रोप रद्द."

"रद्द? तूच रद्द!" कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक केंद्राच्या प्रमुखांपुढे, म्हणजे आपल्याच नीळकंठ आजोबांपुढे, जाऊन उभी राहिली.

"आजोबा, बापाचं नाव लागत नाही म्हणून जीव घ्यायचा? परवा कीर्तनात बुवा जातकुळी विचारणाऱ्यांवर कडाडले, तेव्हा मान डोलवून डोलवून तुमचीच टोपी पडली ना?"

"अगं, नियम आहे तो. भरपूर फळणारी आई निवडायची, भरपूर तेलाचा बाप. बापाचे परागकण (फुलातली पिवळी भुकटी) आईच्या फुलावर शिंपडायचे. हा संकर. वाऱ्यानं भलतीच भुकटी येऊ नये म्हणून फांदीला कागदी पिशवी बांधायची."

"मग ही चारशे भावंडं सारखी का नाहीत?"

"तू आणि तुझा दादा सारखे आहात? प्रत्येक बीत आईबापांचे गुण वेगळ्या वाटणीनं उतरतात. शेकड्यांत एखादंच मनाजोगतं निघतं. मग त्याची फांदी लावून हुबेहूब तशीच रोपं करायची."

"आणि फुलंच आली नाहीत, तर तेल काय पानांतून गाळणार?"

ऑलिव्हला फुलायला थंडी लागते, आणि थंडी तर दरवर्षी आटत चाललेली. आजोबा पायांत चपला सरकवून कालिंदीमागे निघाले. दोनशे अठरा पांढुरक्या तुऱ्यांनी लगडलं होतं. पलीकडे कुंपणालगत एक जुनं झाड होतं. फळं बारीक म्हणून त्याला कुणी विचारत नसे. तेही फुललेलं!

"निवड्या, त्या झाडाचं पान तपास."

"जुळलं. बाप हाच."

"पण पिशवी बांधली होती ना?" कालिंदीनं विचारलं.

आजोबांचे कान लाल झाले. "हा संकर केला त्या वर्षी एकादशीला बुवांच्या हाराला फुलं कमी पडली. मीच पिशवी सोडून दोन तुरे खुडले. कीर्तनाच्या नादात पुन्हा बांधायची राहिली ती दुसऱ्या दिवसापर्यंत."

"म्हणजे चूक तुमची आणि शिक्षा याला!"

"चुकलंच माझं, बाळा." आजोबांनी वाकून लाल पट्टी स्वतः सोडली. "थंडीवाचून फुलायचा गुण त्या झाडानं याला दिलाय. आता यावर भरपूर तेलाच्या जातीची साठवलेली भुकटी शिंपडू. याच्या शेकडो पोरांत फुलणारं आणि तेलही देणारं एखादं निघेल. तू कॉलेजात जाशील तोवर."

"मी थांबेन. पण पिशव्या मी बांधणार!"

निवड्यानं नोंदवही उघडली. "बाप: काय लिहू?"

"कुंपणाचं झाड," कालिंदी ठसक्यात म्हणाली. "आणि पिशवी कुणी सोडली, तेही लिही."

निवड्यानं आजोबांकडे पाहिलं.

"लिही रे," आजोबा म्हणाले. "पूर्ण नावानिशी."