शेजारच्या आजी फार प्रेमळ आहेत

माझा नवरा म्हणतो, हे लिहू नकोस.

पण हे खोटं आहे, असं तोही म्हणत नाही.

मी रोशेल. आम्ही जॉर्जियातल्या वेक्रॉसला राहतो. मी, नवरा डेल्विन आणि आमची सहा वर्षांची नाया. सासूबाई, म्हणजे मिस व्हर्लीन (आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना असंच म्हणतात), त्याच गावात पण वेगळ्या घरात राहतात. जे घडलं ते गेल्या वर्षी जूनमध्ये, फ्लोरिडात डेव्हनपोर्टला, एका भाड्याच्या घरात घडलं. रात्री नाही.

भर दुपारी.

नायाला फ्लोरिडातलं मोठं थीम पार्क दाखवायचं केव्हापासून चाललं होतं. जायचं नक्की झालं आणि राहायचं कुठे यावरून वाद सुरू झाले. डेल्विनला तंबू ठोकायचा होता. मी म्हटलं, जूनच्या डासांत तू एकटा झोप. सासूबाईंना हायवेवरचं कुठलंही साधं मोटेल चाललं असतं. सासरे असताना ते सगळे तसेच राहायचे.

"मोटेलचं एक बरं असतं," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडे कोण आहे ते खोकल्यावरून कळतं."

मला घर हवं होतं. स्वयंपाकघर, कपड्यांचं मशीन, मागे स्विमिंग पूल. रोज काम आटपलं की मी फोनवर घरं बघत बसायचे. शेवटी एक सापडलं. फोटो सगळ्या घरांसारखेच होते. पण आधी राहून गेलेल्यांनी जे लिहिलं होतं...

ते वाचून मी लगेच बुक केलं.

एकीने लिहिलं होतं, शेजारच्या आजी फार प्रेमळ आहेत. एकाने लिहिलं होतं, शेजारच्या आजींनी मुलांवर लक्ष ठेवलं म्हणून आम्हा दोघांना एक संध्याकाळ मोकळी मिळाली. आणखी एकीचा मुलगा निघताना खूप रडला, त्याला आईबापांबरोबर घरी जायचंच नव्हतं.

मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्या आजींचं नाव काय?

मी पुन्हा बघितलं.

नाव कोणीच लिहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी पोचलो. एकसारख्या फिक्या रंगाच्या घरांची वसाहत. आमचं घर गल्लीत सगळ्यात शेवटी. एका बाजूच्या घरात मिशिगनचं एक कुटुंब त्याच दिवशी उतरलं होतं. चार दांडगी पोरं, आजी वगैरे कोणी नाही.

दुसऱ्या बाजूला...

दुसऱ्या बाजूला घरच नव्हतं. गवताचा पट्टा, मग पावसाचं पाणी साठवायचं तळं, काठाला लव्हाळी आणि मगरींपासून सावध राहा अशी पाटी.

"तुझ्या आजी पोहत येतात वाटतं," डेल्विन म्हणाला.

मी हसले. वाटलं, मिशिगनवाल्यांच्या घरात आधी कोणीतरी म्हातारी राहत असेल, आता गेली असेल. सासूबाई हसल्या नाहीत. त्या तळ्याकडे बघत उभ्या होत्या.

घर छान होतं. मागे पूलवर जाळीचा मोठा मांडव. तिकडे जायचं काचेचं दार सरकवलं की घरभर पीं पीं वाजायचं, लहान मूल एकटं पाण्याकडे जाऊ नये म्हणून. तळ्यातले बेडूक मात्र सतत कलकलाट करायचे. दिवसासुद्धा. पहिल्या संध्याकाळी आम्हाला टीव्हीचा आवाज वाढवावा लागला.

रविवारी पार्कला निघताना सासूबाई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतायत, मी घरीच बसते.

मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, त्यांच्या मनासारखं झालं नाही म्हणून रुसल्यात.

संध्याकाळी परत आलो तर त्या मागे जाळीखाली बसल्या होत्या. दोन खुर्च्या समोरासमोर. मधल्या टेबलावर गार गोड चहाचे दोन ग्लास. त्यांचा रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला. मी तो उचलला...

आणि तसाच खाली ठेवला.

बाहेर इतकं उकडत होतं की केस मानेला चिकटले होते. ग्लासातला बर्फ जसाच्या तसा होता. एकही खडा वितळला नव्हता.

कोण आलं होतं, मी विचारलं.

"शेजारीण."

कुठली शेजारीण?

त्यांनी हनुवटीने तळ्याकडे दाखवलं. मग म्हणाल्या, पोरीला आत ने, तिची आंघोळ राहिलीय.

मी डेल्विनला सांगितलं. तो म्हणाला, बाबा गेल्यापासून आईला एकटीला बोलायची सवय लागलीय, दोन ग्लास भरले तर भरू दे. मला ते पटेना. एक तर त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, नाहीतर मी निवडलेलं घर कसं वाईट आहे हे त्या मला दाखवतायत. त्या रात्री पाणी प्यायला उठले तर त्या नायाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून जाग्या बसलेल्या. मला अजूनच राग आला.

सोमवारी पार्कच्या फाटकापर्यंत पोचलो आणि कळलं की नायाची टोपी आणि औषधाची पिशवी घरीच राहिलीय. दोघांना तिथे सोडून मी एकटी परत आले.

घरात शिरले तर सासूबाईंचा आवाज ऐकू आला. मागून, जाळीखालून. चर्चच्या जेवणाच्या वेळी असतो तसा, गोड, न थांबणारा. भेंडी तळताना मक्याच्या पिठात काय घालायचं. बहिणीचं ऑपरेशन. नव्या पाद्र्याची बायको. मग एकदम थांबल्या. कोणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय, तशा.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती आईबरोबर असते. ती नाही यायची. तर मी काय सांगत होते..."

आणि पुन्हा भेंडी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बेडूक...

एकही ओरडत नव्हता. साधा किडासुद्धा किरकिरत नव्हता. सगळं तळं गप्प होतं.

मी दार सरकवलं. पीं पीं वाजलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. समोरची खुर्ची रिकामी होती. पण तिची कापडी बैठक...

खाली दबलेली होती. कोणी बसल्यावर दबते तशी.

"रोशेल, जा," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीजवळ जा. आत्ता."

मी पिशवी उचलली आणि गेले. खरं सांगते, तेव्हाही मी विश्वास ठेवला नाही. बैठक जुनी असेल, सैल झाली असेल. पार्कच्या रांगेत उभी राहून मी फोनवर स्मृतिभ्रंशाची लक्षणं वाचत होते. एकेक लक्षण सासूबाईंना लावून बघत होते.

मंगळवारी नाया तापाने उठली. पूलचं पाणी कानात जाऊन कान ठणकत होता. तिला घरी ठेवायचं मी ठरवलं आणि सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, गाडीत बसवा, एसी लावा, कुठेही फिरवा, पण हिला इथे ठेवू नका.

तीन दिवसांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मिस व्हर्लीन, नात जड झाली असेल तर तसं सरळ सांगा."

त्यांनी ते ऐकून घेतलं. डेल्विन खाली बघत राहिला.

मग सोफ्यावरून नाया म्हणाली, "मम्मी, त्या दुसऱ्या आजी बघतील ना मला. त्या रोज माझ्या खिडकीशी येतात."

सासूबाई नाया आणि काचेच्या दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

मी नायाच्या शेजारी बसले. जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, येऊन काय म्हणतात त्या?

"विचारतात...

तुझी आजी कधी झोपणार."

त्यानंतर वाद झाला नाही. मी बॅगा भरायला घेतल्या. डेल्विन आधी कानाचं औषध आणतो म्हणाला, पोरगी चार तास गाडीत रडली असती. तो गाडी घेऊन गेला. तेवढ्यात आभाळ भरून आलं. तिकडे उन्हाळ्यात दुपारी रोज येतं तसंच, पण त्या दिवशी फार काळं. वीज कडाडली आणि दिवे गेले.

मी नायाला कुशीत घेऊन पडले. दाराशी खुर्चीवर सासूबाई. त्या तीन रात्री झोपल्या नव्हत्या, हे मला तेव्हा नीट समजलं. त्यांची मान हलकेच खाली जात होती. मी म्हटलं, मी जागी आहे, तुम्ही जरा डोळे मिटा.

आणि मीही...

जाग आली ती गार वाऱ्याने.

कुशीत कोणी नव्हतं. दाराशी खुर्ची आडवी पडली होती.

काचेचं दार सताड उघडं. पाऊस आत येत होता. दिवे परत आले होते, पण दार पीं करून एकदासुद्धा वाजलं नव्हतं.

मी धावले.

तळ्याच्या काठाला, लव्हाळ्यात, सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाई. त्यांनी नायाला मागून दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. नायाचा एक हात मात्र समोर ताठ झाला होता. पाण्याच्या दिशेने. मनगट ताणलेलं, बोटं अर्धी मिटलेली...

आपण कोणाचा हात धरतो तशी.

पुढे कोणी नव्हतं. नुसता पाऊस.

नाया रडत नव्हती. सासूबाई बोलत होत्या. न ओरडता, त्याच चर्चच्या आवाजात.

"तिला सोड. लहान आहे ती, तिला काय बोलता येतंय तुझ्याशी? मी येते ना. मी बसेन तुझ्याजवळ. रोज बसेन."



मग नायाचा हात सुटला आणि खाली पडला.

ती जोरात रडायला लागली. मी तिला ओढून घेतलं. सासूबाई तशाच उभ्या होत्या, तळ्याकडे तोंड करून. मान डोलावत होत्या. कोणीतरी काहीतरी ठरवतंय आणि त्या हो म्हणतायत, तशा.

मग बेडूक ओरडायला लागले. सगळे एकदम.

डेल्विन आला तेव्हा मी बॅगा घेऊन दारात उभी होते. हायवेवर पहिलं मोटेल दिसलं तिथे गाडी थांबवली. सासूबाई म्हणाल्या, मला वेगळी खोली हवी. डेल्विन म्हणाला, आई, आज तरी एकत्र राहू. त्या नको म्हणाल्या.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, खोलीत किती जण?

"दोघी."

डेल्विनला वाटलं मी त्यांच्याबरोबर झोपणार आहे. सासूबाईंनी किल्ली घेतली, खोलीचं दार उघडलं, आत गेल्या. आणि दार तसंच धरून उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्याला वाट देतात तितका वेळ. मग लावून घेतलं.

सकाळी डेल्विन नायाला पॅनकेक खायला घेऊन गेला, तेव्हा मी त्यांना गाडीजवळ गाठलं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, राहू दे. मग मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"पहिल्याच दिवशी, तुम्ही सामान उतरवत होतात तेव्हा. आपल्याकडे बाई भेटली की आधी विचारते, तुमची माणसं कोण, कुठल्या चर्चला जाता. हिने माझं नावसुद्धा विचारलं नाही. पहिलाच प्रश्न... पोरगी किती वर्षांची."

मग तेव्हाच का नाही सांगितलंत?

"तू विश्वास ठेवला असतास?"

मी नायाची बॅग गाडीत ठेवली.

"मी बोलत असले की ती बसून ऐकायची," त्या म्हणाल्या. "म्हणून बोलत राहिले. कोणी बोलतच नसणार तिच्याशी."

आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नायाला आता माझ्या घरी आणायचं नाही. मी बोलावलं तरी नाही."

याला वर्ष झालं.

नाया आजीच्या घरी गेलेली नाही. सासूबाई तिला चर्चबाहेर भेटतात. पोटाशी धरतात, केसांवरून हात फिरवतात, आणि मग घाईने एकट्याच गाडीत जाऊन बसतात. डेल्विनने त्यांना डॉक्टरकडे नेलं. स्मरणशक्ती उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले, फक्त झोप कमी होतेय आणि घसा फार बसलाय, जरा कमी बोला.

त्या घराच्या पानावर मी लिहून आले की मुलं असतील तर इथे उतरू नका. खाली कोणीतरी विचारलंय, का, पूल खोल आहे का?

गेल्या गुरुवारी दुपारी मी सासूबाईंना फोन केला. नाया शेजारी बसली होती, तिला शाळेतलं काहीतरी आजीला सांगायचं होतं. खूप वेळ वाजला. मग पलीकडे कोणीतरी उचलला.

मी हॅलो म्हटलं.

कोणी बोलेना. श्वाससुद्धा ऐकू येईना.

मग लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, सासूबाईंचा बसका आवाज आला. चढलेला नाही. शांत, समजुतीचा.

"ठेव तो खाली. तुझ्यासाठी नाहीये तो."

आणि फोन बंद झाला.

आजी काय म्हणाली, नायाने विचारलं.

मी म्हटलं, आजीकडे कोणीतरी आलंय.