नळाच्या पाण्यातलं औषध

नमुना : अक्षराची फिटची गोळी.
निकाल : औषध आहे.

"मग पोरीला अजून झटके का यायलेत?" रेणापूरच्या शिवकांतानं, अक्षराच्या आईनं, विचारलं.

मांडीवरच्या अक्षराचे डोळे उघडे होते, पण आतून कुणी बघत नव्हतं. गोळी खोटी ठरली नाही, तर उद्या शिवकांताची सासू पोरीला देवऋष्याकडं नेणार होती.

"बाहेरचं लागलंय, वहिनी," औषध दुकानदार मल्लिनाथ म्हणाला. "माझी गोळी खरी हाय."

लातूरच्या औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत 'बाहेरचं' ऐकून व्यंकटीला घाम फुटला. त्याची मालकीण, खाजगी तपासनीस अयोध्याताई, नळाशी बोट ओलं करून आली. तिनं ते यंत्रातल्या तपासणीच्या पट्टीवर टेकवलं.

नमुना : नळाचं पाणी.
निकाल : औषध आहे.

नमुना : व्यंकटीचा घाम.
निकाल : औषध आहे.

"आवो, म्या कुठं गोळी खाल्ली?" व्यंकटी ओरडला. "ताई, चला इथून. जागा बरी न्हाई."

ताई तिथं पट्ट्या बनवणाऱ्या रेवणसिद्धकडे वळली. कपाळावर ताजं भस्म, टेबलावर बेलाचं पान. स्पिरिटची बाटली कपाटावर, फडक्यात गुंडाळलेली.

"पट्टी कशी करता, अण्णा?"

"औषधाभोवती प्लास्टिकसारखा पातळ थर धरतो. मग औषध धुऊन काढतो. त्याच्या आकाराचे खळगे उरतात. पुन्हा तेच औषध आलं की त्यात बसतंय, अन् यंत्र बोलतंय. रोज सकाळी ताजी पट्टी."

"मल्लिनाथ, दुकान बंद कधी?"

"शनवारी."

"आणि तपासणीला कधी येता?"

"दर येळी सोमवारीच आणतेत मला," शिवकांता म्हणाली. "आज बी."

"रेवणअण्णा सोयरे-पाव्हणे हायत माझे," मल्लिनाथ हसला. "भेट व्हते."

"बंद शनिवार सोडून, चालू दुकान टाकून भेट? अण्णा, सोमवारी स्पिरिटला शिवता?"

रेवणसिद्धचा चेहरा उतरला. "उपास असतो, ताई. दारूच की ती. सोमवारी गरम पाण्यानं धुतो."

"पाण्यानं औषध निघत नाही. ते खळग्यातच दबा धरून बसतं. सोमवारची पट्टी नमुन्यातलं नाही, स्वतःच्याच पोटातलं औषध दाखवते. हे तुमच्या या पाव्हण्याला, मल्लिनाथला, ठाऊक होतं."

तिनं बाटली उतरवली. दोन पट्ट्या स्पिरिटमध्ये बराच वेळ खळबळल्या.

नमुना : नळाचं पाणी.
निकाल : काही नाही.

नमुना : मल्लिनाथची गोळी.
निकाल : काही नाही.

मल्लिनाथ दाराकडं सरकला. दारात व्यंकटी आधीच आडवा उभा राहिला होता.

"मंग म्या रोज हिला काय भरवलं?" शिवकांतानं अक्षराला उराशी धरत विचारलं.

व्यंकटीनं खिशातून, ताईनं सकाळीच दुसऱ्या दुकानातून आणायला लावलेली गोळी काढली. दुसऱ्या पट्टीवर तिची चिमूटभर पूड.

निकाल : औषध आहे.

"तूच दे," ताई शिवकांताला म्हणाली.

शिवकांतानं गोळी लेकीच्या ओठांशी नेली. अक्षरानं तोंड उघडलं.