जिन्यावरून आलेलं झाकण

आधी आवाज आला. ठण्ण... ठण्ण... ठण्ण! जणू कुणी घंटा बडवत जिना उतरत होतं.

तिने दार उघडलं, तर एक काळंकुट्ट, जाडजूड झाकण पायऱ्यांवरून उड्या मारत आलं, तिच्या उंबऱ्यापाशी गिरकी घेऊन पायाशी आडवं झालं. मागोमाग तो आला. पोटाशी बिडाचं भांडं कवटाळलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"लागलं नाही ना?"

"मला नाही. जिन्याला विचारा."

तो हसला, आणि चष्मा आणखी घसरला. दोन्ही हात अडकलेले. तिला तो बोटाने वर ढकलायचा मोह झाला... पण तिने स्वतःला आवरलं. आत्या आतून बघत होती.

वरच्या मजल्यावरची खोली महिन्याभरासाठी घेतलेला हाच तो. संगीतशाळेचे पियानो सुरात लावायला आलेला.

"एवढं मोठं भांडं! पाहुणे येणारेत वाटतं?"

"छे हो. मला चहासुद्धा धड जमत नाही. जुन्या बाजारात दिसलं, सहज टिचकी मारली. इतका गोड आवाज... की घेऊनच टाकलं."

"म्हणजे यात तुम्ही शिजवणार काहीच नाही?"

"नाही. ऐकणार."

असा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. आणि असं भांडं तर ती कधीची शोधत होती!

त्याचं असं झालं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना आणि खांदे मोकळे करायची. एका पेशंट आजींनी तिला घरी भाजलेल्या राय ब्रेडची एक चकती खायला दिली होती. राय म्हणजे गव्हाचंच एक सावळं, अबोल भावंड. त्या ब्रेडचा कुरकुरीत पापुद्रा, आतला ओलसर, किंचित आंबूस गर... तिने डोळेच मिटले. आजींनी कृतीही सांगितली. राय आणि गव्हाचं पीठ, मीठ, चिमूटभर यीस्ट, पाणी. कालवायचं, झाकायचं आणि रात्रभर विसरून जायचं. मळायचं अजिबात नाही. सकाळी, जड झाकणाच्या तापलेल्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये.

"ओव्हन माझा, भांडं तुमचं," ती एका दमात म्हणाली. "अर्धा ब्रेड तुम्हाला. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. मग जरा थांबून, "धावेलसुद्धा."

पहिला ब्रेड दगड झाला. चूक तिचीच. चिकट, सैल पीठ बघून तिच्या हातांना राहवेना. तिने ते मूठमूठ सुकं पीठ टाकत असं रगडलं, की एखाद्या पैलवानाची पाठ मोकळी झाली असती.

"मळायचं नव्हतं ना?" त्याने ब्रेड टेबलावर आपटून बघत विचारलं.

"मळलं नाही. जरा... चेपलं."

"वाजतो मात्र छान."

दुसऱ्या खेपेला पीठ छान फुगलं, पण तिने गरमागरम ब्रेडमध्येच सुरी खुपसली. आतला गर लापशीसारखा सुरीला चिकटला. राय ब्रेड दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प ठेवायचा असतो, हे आजींनी बजावलं होतं. तिनेच कानाआड केलं होतं. तरी त्याने दोन चकत्या संपवल्या, आणि तिसरी मागितली.

"खोटं खाऊ नका," ती म्हणाली.

"खोटं बोलतात. खातात खरंच."

तो गेल्यावर आत्याने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "वादळ," आत्या तिला याच नावाने हाक मारायची, "आवडलाय ना तुला?"

तिचे कान लाल झाले.

"मग ऐक. तू ज्याला हात लावतेस त्याचा चेंदामेंदा करतेस. तो डोळ्यांचा डॉक्टर आठवतो? दुसऱ्याच भेटीत तू त्याला तुमच्या होणाऱ्या मुलांची नावं विचारलीस."

"सहज विचारली होती गं!"

"सहज पळाला तो. याला तरी जरा फुगू दे. छेडू नकोस."

आत्याचं म्हणणं तिला पटलं, आणि पटलं म्हणूनच ती घाबरली. रविवारी संध्याकाळच्या बसने तो पुढच्या गावी जाणार होता. तिथल्या नाट्यगृहाचा पियानो वाट बघत होता. बोलावं, तर हा ब्रेडही दगड व्हायचा. न बोलावं, तर...

तिसरं पीठ तिने शनिवारी कालवलं, झाकलं आणि हात पाठीमागे बांधून ओट्यापासून लांब गेली. रविवारी झाकण उचललं तेव्हा पीठ बुडबुड्यांनी नुसतं डुलत होतं! दुपारी तापलेल्या भांड्यातून ब्रेड बाहेर निघाला. तपकिरी, भेगाळलेला, तडतड आवाज करणारा.

"झाला का, कसं कळणार?" तिने कुजबुजत विचारलं.

त्याने ब्रेड फडक्यात उलटा धरला. "तळाशी टकटक करा. पोकळ वाजला तर झाला."

तिने टकटक केली. ऐकायला दोघांनीही कान जवळ नेला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला... दोघांनाही ब्रेड काय सांगतोय ते ऐकूच आलं नाही.

"पुन्हा करा," तो म्हणाला.

तिने पुन्हा केली. ब्रेड केव्हाच झाला होता.

पण कापायचा उद्या. आणि तो जाणार आज.

संध्याकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. "भांडं तुमच्याकडेच राहू द्या."

"बरं."

"आणि... दुसरं काही?"

जिभेवर सगळं होतं. आत्याची नजर पाठीवर होती. छेडू नकोस. "नाही. नीट जा."

तो मान हलवून वळला. पावलं एकेक पायरी उतरू लागली. ती स्वयंपाकघरात आली. ब्रेड फडक्याखाली शांत बसला होता. त्याला थांबणं शोभत होतं, उद्या तो इथेच असणार होता. पण माणूस? माणूस काही फडक्याखाली राहत नाही. तो बसमध्ये बसतो!

तिने झाकण उचललं, धावत जिन्यापाशी गेली आणि दिलं सोडून.

ठण्ण... ठण्ण... ठण्ण! झाकणामागे ती, दोन-दोन पायऱ्या गाळत.

खाली दरवाज्याशी तो थबकला होता. झाकण त्याच्या बुटाशी गिरकी घेऊन थांबलं.

"लागलं नाही ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"मला नाही. जिन्याला विचारा." त्याने झाकण उचललं. "हे पडलेलं नाही. टाकलेलं आहे."

"कशावरून?"

"आवाजावरून."

"मग आता हेही ऐका. मला तुम्ही आवडता. खूप. झाकून ठेवलं होतं, पण फुगून पार बाहेर आलंय. आता तुम्हाला पळायचं असेल तर पळा, बस आहेच."

तो हातातलं झाकण नुसतं गोल फिरवत राहिला.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"संगीतशाळेचे पियानो..." तो अडखळला, "गेल्या आठवड्यातच सुरात लागले होते."

"मग रोज जात कुठे होतात?"

"तिथेच. एकच तार सैल करायची, पुन्हा आवळायची. तुमचा तिसरा ब्रेड होईपर्यंत राहायचं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, किती मन लावून काम करता हो!"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "लबाड! आणि एवढे दिवस एक शब्द नाही?"

"वाटलं, घाई केली तर बिघडेल." तो खाली बघत म्हणाला.

बाहेर बसचा भोंगा वाजला. कुणीच हललं नाही. बस निघून गेली.

"नाट्यगृहाचं काय?"

"उद्या दुपारची बस आहे. काम आटोपलं की परत येतो... तू म्हणत असशील तर."

तू! तिने हात पुढे केला आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा बोटाने वर ढकलला.

वरून कठड्यावर वाकून आत्या ओरडली, "गेली का गं बस?"

"गेली!" दोघं एकदम म्हणाली.

"मग या वर, गारठाल. मी ब्रेड कापते."

"आत्या!" वादळ किंचाळलं. "उद्या! खबरदार हात लावलास तर!"

ब्रेडला, म्हणजे. तिचा स्वतःचा हात केव्हाच त्याच्या हातात गेला होता, आणि तिथे तो, जन्मात पहिल्यांदाच, अगदी स्वस्थ बसला होता.