शेवटची वीट

तेरणपुरात सोमवार म्हणजे खेळी. सकाळी नऊला भोंगा वाजायचा आणि पटराज आठवड्याची कामं जाहीर करायचा: अमक्या चौकोनात दवाखाना, तमक्यात बाग. मग आभाळ कोसळलं तरी पुढच्या सोमवारपर्यंत बदल नाही. पटराज म्हणजे शहर चालवणारं यंत्र. नगरसेवकांनी बारा वर्षं भांडून एकच मुतारी बांधली, तीही बिनदाराची, तेव्हा लोकांनी वैतागून कारभार त्याच्या हवाली केला होता.

अंकुश जगधने गवंडी. त्याच्या नावावर दोन कामं लागली होती. तिसरं पाण्याच्या टाकीचं निघालं आणि त्याला बब्रुवान आठवला. हा त्याचा जोडीदार तिसरं काम उरकून घरी गेला होता, तर घराचं दारच उघडेना. बस थांबेना, नळ वाहेना. शहरात सगळं चेहरा ओळखून चालायचं, आणि पटराजच्या लेखी बब्रुवान उरलाच नव्हता. महिन्याभरात शेजारीही त्याच्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसं बघू लागले.

पटराजच्या निर्मात्या डॉ. हेमलता रिसबूड टाकी बघायला आल्या, तेव्हा अंकुशनं विषय काढला. बाईंनी उपकार केल्यासारखं समजावलं. कॉलेजात असताना त्या कॉम्प्युटरवर शहर वसवायचा खेळ खेळत. आळीपाळीनं चाली करायच्या, इमारती उभारायच्या, कामकरी नेमायचे. त्यातला कामकरी तीन कामं करतो आणि पटावरून नाहीसा होतो. पटराज तोच खेळ लाखो वेळा खेळून शहाणा झालाय.

"पण मॅडम, तीनच का?"

"चार ठेवली की खेळ रटाळ होतो."

"आणि काम कुणाचं, हे त्याला कळतं कसं?"

"शेवटची वीट ज्याच्या हातची, काम त्याचं. बाकीचे हात म्हणजे साहित्य."

साहित्य थापीवरचं सिमेंट खरवडू लागलं. मग त्याला आठवलं, शेवटच्या विटेसाठी जीव टाकणारी माणसं या शहरात पोत्यानं आहेत. उद्घाटन म्हणजे वेळेची नासाडी, असं ठरवून पटराजनं ती बंद केली होती, आणि तेव्हापासून पुढाऱ्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

अंकुशनं टाकीत एका विटेची जागा मोकळी ठेवली. शाळेच्या आणि बसडेपोच्या गवंड्यांनाही तेच सांगितलं. तिघं मिळून महापौर दादासाहेब कुंभोजकरांकडे गेले आणि शुभहस्ते हा शब्द उच्चारला. दादासाहेबांचे डोळे पाणावले. आपल्याच सत्काराची शाल ते घरून घेऊन आले. एका सकाळी तिन्ही विटा त्यांनीच बसवल्या. उपमहापौरांना नारळ तेवढा धरू दिला.

तिसऱ्या विटेला टाळ्या झाल्या. दादासाहेब मोटारीपाशी गेले, दार उघडेना. ड्रायव्हर समोर बघत राहिला. ते परत खुर्चीत बसले, तर मंडपवाल्यानं खुर्ची त्यांच्याखालून काढून घडी केली.

संध्याकाळी हेमलताबाई तणतणत आल्या. काय केलंत कळतंय का, म्हणाल्या.

"मी कुठं काय केलं? मी साहित्य."

बाई आल्या तशा तणतणत परतल्या. उपमहापौरांचा मात्र तोवर निरोप येऊन गेला होता: यापुढची उद्घाटनं त्यांच्याकडे द्यावीत, आता स्पर्धाही उरलेली नाही.

पुढच्या खेळीत विज्ञानभवन निघालं, बाईंच्याच नावाचं. भिंती चढल्या, एका विटेची जागा राहिली. उपमहापौर शाल पांघरून रांगेत उभे होते. त्यांना बाजूला सारून हेमलताबाई पुढं आल्या. यंत्रघराची आणि वीजमनोऱ्याची शेवटची वीट त्यांनी पूर्वी हौसेनं स्वतःच लावली होती. अंकुशला राहवलं नाही.

"बाई, दोन झालीत तुमची."

"ठाऊक आहे. नियम मीच केलाय." त्यांची नजर पाटीवर होती. "नाव पुसणार नाही ना कुणी?"

"दगडात कोरलंय."

"मग द्या थापी."

त्यांनी वीट बसवली. टाळ्या झाल्या. अंकुशनं थापी उचलली, बब्रुवानच्या आठवणीनं क्षणभर घुटमळला, आणि खांबाला घालावा तसा बाईंना वळसा घालून पुढच्या कामावर निघाला.