आडपडदा

कोणी कशावर किती खर्च केला, हे आता कोणी कोणाला विचारत नसे. विचारायची गरजच उरली नव्हती. कराडच्या मंडईत एखादीने मेथीची जुडी घेतली, तरी हातातल्या पडद्यावर कोणालाही ते पाहता येई. नोटा जाऊन कैक वर्षं झाली होती. उघड्या पैशाचा कायदा आला तेव्हा भ्रष्टाचार संपेल असं लोक म्हणाले होते. तो थोडाफार संपलाही. पण सासूला सुनेची बांगडी दिसू लागली आणि नवऱ्याला बायकोचं माहेरी पाठवलेलं लुगडं.

वृषालीताई निकमांना हे दिवस येणार हे फार आधी दिसलं होतं. पतसंस्थेतली नोकरी सोडून त्या तेव्हा नुकत्याच घरी बसल्या होत्या. त्या काळी ‘आडपडदा’ नावाचं एक जाळं नवीन निघालं होतं. साखळीवर चालणारं. साखळी म्हणजे व्यवहारांची अशी वही, जिची प्रत हजारो संगणकांवर असते, म्हणून तिच्यातली एक ओळही कोणाला पुसता येत नाही. फरक एवढाच की आडपडद्याच्या वहीतली प्रत्येक ओळ कुलपात असे. झाकण न उघडता डबा भरलेला आहे हे गणिताने सिद्ध करता यावं, तशी त्याची युक्ती होती. व्यवहार खरा आहे हे सगळ्यांना पटे, पण कोणी, कोणाला, किती दिले, हे कोणालाच कळत नसे.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना वृषालीताईंनी सांगितलं होतं, "अगं, वाण म्हणून दरवर्षी स्टीलच्या वाट्या कसल्या लुटता? माळ्यावर पोती भरलीत. यंदा आडपडद्याच्या नाण्याचा तुकडा लुटा."

"त्याचं करायचं काय?" कोणीतरी विचारलं होतं.

"काही नाही. ठेवून द्यायचं. पुढे सगळं उघडं होणार आहे बायांनो. सगळं उघडं झालं की झाकलेल्याला भाव येतो. आणि ही नाणी मोजकीच आहेत, वाढायची नाहीत. सोन्याच्या खाणी तरी सापडतात."

सगळ्या हसल्या होत्या. ज्योत्स्ना थोरात तेवढी हसली नव्हती. वृषालीताईंची ती शाळेपासूनची मैत्रीण. बाकीच्या गेल्यावर ती मागे रेंगाळली आणि म्हणाली, "कोणालाच दिसत नाही म्हणतेस. म्हणजे कायमचं ना?"

"कायमचं," वृषालीताई म्हणाल्या होत्या.

भावाबद्दलचं त्यांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं ठरलं. त्या संक्रांतीचं वाण जपून ठेवलेल्या बायकांच्या नाती त्यावर डॉक्टर झाल्या. रस्त्यात लोक थांबून वृषालीताईंना नमस्कार करत. त्यांना तो नमस्कार अलीकडे नकोसा वाटे.

ईरा साबळे त्या बायकांपैकीच एकीची मुलगी. कोल्हापूरला कुलपांच्या गणितावर संशोधन करायची. आज ती मुद्दाम आली होती. चहा निवत चालला तरी कपाला तिने हात लावला नव्हता.

"मावशी, कुलूप म्हणजे शेवटी एक अवघड गणित. ते सोडवायला त्या वेळच्या यंत्रांना लाखो वर्षं लागली असती. म्हणून तुम्ही कायमचं म्हणालात ते तेव्हा खरंच होतं. पण आता पुंज यंत्रं, म्हणजे क्वांटम संगणक आलेत, ती असंख्य शक्यता एकदम चाळतात. पुढच्या महिन्यापासून ती भाड्याने मिळणार."

"पण आपण सगळ्यांनी कुलपं बदलली की. तूच बदलून दिलीस."

"बदलली ती पुढच्या ओळींची. मागच्या ओळी जुन्याच कुलपात आहेत आणि त्यांच्या प्रती जगभर पडल्यात. पुसता येत नाही हाच तर साखळीचा गुण होता."

 वृषालीताईंनी हळूच विचारलं, "ज्योत्स्नाच्या ओळी?"

"त्याही."

ज्योत्स्नाची सून ऋतुजा एका दुपारी मनगट मोडलेल्या हाताने, तान्ह्या मुलाला घेऊन घरातून निघाली होती. पुन्हा ती कोणाला दिसली नाही. ज्योत्स्नाचा मुलगा हर्षद वर्षानुवर्षं तिला शोधत हिंडला. त्याची आई त्याच्याच घरात राहून, त्याच्यासाठी भाकरी थापत, आडपडद्यातून सुनेला पैसे पाठवत राहिली. हे तेव्हा फक्त वृषालीताईंना ठाऊक होतं.

आणि ज्योत्स्ना नुसते पैसे पाठवून थांबली नाही. संक्रांतीला सुनेच्या हातावर तिळगूळ पडायलाच हवा, असा तिचा हट्ट. म्हणून दरवर्षी नाण्याबरोबर ती चिठ्ठी जोडायची, ‘पत्ता कळव,’ आणि ऋतुजा कुलूपबंद उत्तरात पत्ता आणि कुरिअरसाठी फोन नंबर लिहायची. मग नाव न घालता कुरिअरने डबा जायचा, त्याचे पैसेही आडपडद्यातूनच. शेवटचा पत्ता ज्योत्स्नाच्या शेवटच्या संक्रांतीचा. ऋतुजा बहुधा अजून तिथेच असेल.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. हर्षदच होता. साठीला टेकलेला, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय काकू, पाहुणे वाटतं?" तो ऐसपैस बसला. "पेढे घ्या. यंत्रासाठी नंबर लावला, पहिल्या दिवसाचाच मिळाला. तुम्हीच ना हो ते पडदे विकत होता बायकांना? आता बघा, टराटर फाटणार."

"आई गेली तुझी हर्षद. तिचं काय उघडायचंय आता?"

"आईचं कुठे? माझं उघडायचंय. आईच्या मागे तिच्या वहीत आडपडद्याच्या खात्याचा नंबर सापडला, ती कोणाला पाठवत होती ते कळत नाही का मला? माझा पोरगा आहे तो, काकू. मला त्याचं तोंड बघू द्या की एकदा." त्याचा आवाज क्षणभर म्हाताऱ्या माणसाचा झाला. मग त्याने पुड्याची दोरी बोटाला गच्च गुंडाळली. "आणि तिला विचारायचंय. समोर बसवून विचारायचंय."

तो गेल्यावर पेढ्यांना कोणी हात लावला नाही.

"आत्ता वाचता येईल का?" वृषालीताईंनी विचारलं. "माझ्याकडे ज्योत्स्नाची दर्शनकिल्ली आहे."

ईरा दचकली. दर्शनकिल्लीने पैसे हलवता येत नसत, पण कुलपाआडच्या सगळ्या ओळी दिसत. "त्यांनी दिली तुम्हाला?"

"दवाखान्यात दिली. म्हणाली, जपून ठेव, पण वाचू नकोस. तू नाही वाचणार म्हणून तुला देते." त्या उठल्या, पुन्हा बसल्या. "मी नाही वाचलं, तरी महिन्याने तो वाचणारच. ऋतुजाला आधी कळवायचं तर पहिला पडदा मलाच फाडायला हवा. असला कसला धंदा मी बायकांना शिकवला गं?"

"भाव तर तुम्ही बरोबर सांगितला होता, मावशी."

"हो ना. भावाचं तेवढं बरोबर सांगितलं."

ईराने ओळी उघडल्या. वृषालीताईंनी मधल्या चिठ्ठ्यांवरून नजर वळवली. तरी दोन-चार शब्द दिसलेच. मुलाचे दात, गोवर, दहावीचा निकाल. शेवटी एक गाव आणि एक नंबर.

फोन बराच वेळ वाजला.

"हॅलो?"

"ऋतुजा, मी वृषाली निकम. कराडहून. ज्योत्स्नाची…"

 ऋतुजाने पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "हा नंबर तुम्हाला मिळाला म्हणजे त्यांनाही मिळणार."

"हो, बाळ."

"कधी?"

वृषालीताईंनी सांगितलं. का, कसं, तेही त्या सांगू लागल्या, पण ऋतुजाने मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या. मुलाला मी सांगितलंय, वडील त्याच्या जन्माआधीच गेले. त्याचं लग्न ठरलंय, मावशी. पत्रिका छापल्यात."

"कुठेतरी लांब जा. काही दिवस तरी. पैसे मी…"

"कुठून पाठवाल?" ऋतुजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आणि कुठे जाते ते तुम्हाला सांगू नको ना?"

"नको. मला तर मुळीच नको."

"आणि हे आत्ताचं बोलणं? हेही कुठेतरी साठत असेल ना?"

वृषालीताईंनी ईराकडे पाहिलं. ईराने होय अशी मान हलवली.

पलीकडून एका तरुणाचा हसरा आवाज आला, "आई, कोणाचा फोन गं?"

"कोणाचा नाही रे," ऋतुजा म्हणाली. "चुकून लागलाय."

आणि फोन बंद झाला.