बाबांचा रस्ता

"संभ्या, दवाखान्यापासून सुरुवात कर! गेटपासून नको!" खडूने माखलेला हात झटकत ऋतिका ओरडली.

दिवाळीची सुट्टी लागली होती. मांजरी गावातल्या त्या सोसायटीत बाकीची मुलं किल्ल्याची माती कालवत होती आणि ऋतिका, संभाजी आणि शेफाली या तिघांनी पार्किंगच्या फरशीवर रस्त्यांचा नकाशा मांडला होता. ऋतिकाला यंदा किल्ला नकोच होता. उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखलं, सोसायटीची ॲम्ब्युलन्स लगेच निघाली, तरी बाबा वाटेतच गेले. "पाच मिनिटं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले होते. बाकी सगळे म्हणाले, नशीब! ते तिला पटत नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये सेक्रेटरी केदारकाकांची पाटी होती : 'प्रत्येक वळणावर सर्वांत जवळचा चौक गाठावा. चालकाने स्वतःची अक्कल चालवू नये.' काकांची हयात सदाशिव पेठेत गेलेली. तिथे कुठल्याही बोळात शिरा, कुठेतरी बाहेर निघताच!

"पन इथं कालवा हाय, रेल्वेचं फाटक हाय," गावातलाच असलेला संभाजी म्हणाला. "एकदा चुकलं की अडकलं!"

त्याचे चुलते ज्ञानदेवकाका ॲम्ब्युलन्स चालवायचे. त्यांनी रिकाम्या गाडीतून तिघांना फिरवलं होतं आणि शेफालीने रस्त्यारस्त्याची मिनिटं टिपली होती.

"पण शेवटापासून का मोजायचं?" तिने विचारलं.

"चौकात एकच आकडा लिहायचा," ऋतिका म्हणाली. " इथून दवाखाना कमीत कमी किती मिनिटं! मग मागच्या चौकातून पुढचं सगळं पुन्हा मोजायला नको. मधल्या रस्त्याची मिनिटं त्यात मिळवायची आणि सगळ्यांत लहान बेरीज ठेवायची. बास!"

असं करत करत ते गेटपाशी पोचले. डावीकडे कालव्याचा चौक तीनच मिनिटांवर, पण पुढे फाटक, म्हणून तिथला आकडा वीस. उजवीकडे बाजाराचा चौक आठ मिनिटांवर, पण पुढे उड्डाणपूल, म्हणून तिथला आकडा नऊ.

"तेवीस आणि सतरा!" शेफाली किंचाळली. "म्हणजे उलटं जायचं!"

"वा!" मागून केदारकाका म्हणाले. "दवाखाना डावीकडे आणि आपण निघालात उजवीकडे! आता आधी फरशी पुसा."

फरशी पुसायची राहूनच गेली. दुसऱ्याच दिवशी श्यामलाकाकू, केदारकाकांच्या पत्नी, स्वयंपाकघरात कोसळल्या.

"ज्ञानदेव, डावीकडे घ्या!" गाडीत चढता चढता काका ओरडले.

ऋतिका गाडीसमोर जाऊन उभी राहिली. "काका, उजवीकडे! बाबांना डावीकडून नेलं होतं!"

ज्ञानदेवकाकांनी पाटीकडे न बघता गाडी उजवीकडे वळवली.

काकू वाचल्या. आठवड्याने काकांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. उखडलेली पाटी त्यांच्या हातात होती.

"या मुलांनी माझी बायको वाचवली," ते म्हणाले. "आणि अक्कल मी चालवली नव्हती."

टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले. संभाजी आणि शेफालीची छाती फुगली. ऋतिका मात्र गेटपाशी लिहिलेल्या आकड्यांकडे बघत होती. तेवीसातून सतरा गेले, उरले सहा. डॉक्टरांना पाचच मिनिटं हवी होती.

तिला रडू आवरेना. काकांनीही तीच वजाबाकी केली असावी. पेढ्यांचा खोका बाजूला ठेवून ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.