नानांच्या खुब्याची जाळी

एखादी वस्तू मोडेल की नाही, हे ती न मोडता कसं ओळखायचं? पेन्सिल असेल तर सोपं आहे. वाकवून बघा, मोडली तर दुसरी आणा. पण ती वस्तू तुमच्या आजोबांच्या मांडीत बसवलेली असली तर? मग काय करणार, सांगा!

शलाकापुढे नेमका हाच प्रश्न होता. शलाका अकरा वर्षांची. जन्मली नि वाढली ती चंद्रावरच्या सोमवाडी नावाच्या वस्तीत. तिचे आजोबा काशिनाथ चोगले मूळचे हर्णैचे, पण सोमवाडीत त्यांना सगळे नानाच म्हणत. तिथल्या दवाखान्यात जे कृत्रिम सांधे तयार होत, ते किती भार सोसतील हे कॉम्प्युटरवर तपासायचं काम नानांचं. आणि गंमत बघा, काही वर्षांपूर्वी घसरून पडले ते नानाच! त्यांच्या खुब्यात (मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं, त्या सांध्यात) धातूचा कृत्रिम सांधा बसवावा लागला.

चंद्रावर तो झकास चालला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच. त्यामुळे साठ किलोच्या नानांचा पायांवर भार पडायचा जेमतेम दहा किलोंचा. सांधाही त्याच बेताने केलेला होता, चांगला सडपातळ.

आणि आता हर्णैला नानांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर नानांना तिनेच वाढवलेलं. "काशा, एकदा ये रे," एवढंच ती फोनवर म्हणायची. पृथ्वीला जाणारं यान वर्षातून एकदाच सुटायचं, आणि ते आठवड्याभरात निघणार होतं. पुढच्या यानापर्यंत अक्का राहणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"नाना, तुमचा सांधा पृथ्वीवर टिकेल?" शलाकाने विचारलं.

"तेच तर बघायचंय. आणि बघायचंय तू. स्वतःचा हिशेब स्वतः करायचा नाही, असा दवाखान्याचा नियम आहे. इतके दिवस शिकवलं ते काय लोणच्याला?"

शलाकाने खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढली.

"आधी एका पायावर उभी राहा," नाना म्हणाले. "खुब्यावर हात ठेव. स्नायू कसे आवळले गेलेत बघ. तोल सांभाळायला तेही हाडाला ओढत असतात. म्हणून चालताना खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो."

"बाप रे! आणि यान पृथ्वीवर उतरताना हिसका बसतो, तेव्हा?"

"तेव्हाचं तर विचारूच नकोस. तोही घाल हिशेबात."

शलाकाने नानांच्या मांडीचं आतलं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं. आता कॉम्प्युटरची अक्कल बेताचीच, बरं का, पण चिकाटी दांडगी. अख्खं हाड त्याला एकदम समजत नाही. म्हणून हाडाचे आणि धातूचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, विटांसारखे एकमेकांना चिकटलेले. त्या सगळ्यांची मिळून होते जाळी. प्रत्येक तुकडा किती कडक, ते सांगायचं, आणि वरून भार टाकायचा. मग प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती रेटतो नि किती ओढतो, हे कॉम्प्युटर गणित करून काढतो. त्यातून कळतो ताण (पदार्थाच्या आत एखाद्या जागी किती ओढाताण चालली आहे, ते माप). ताण झेपण्याजोगा असेल तिथे हिरवा रंग, न झेपणारा असेल तिथे लाल. झालं! खरा पाय न मोडता कळलं, कुठे मोडेल ते.

तुकडे जितके बारीक, तितका वेळ जास्त. बारीक तुकडे पाडले तर गणिताला तीन दिवस लागणार होते, आणि यानाची नावनोंदणी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. शलाकाने मोठे मोठे तुकडे पाडले. चहा होईतो उत्तर आलं.

सगळं हिरवंगार!

"नाना!" ती अशी ओरडली की शेजारच्या काकू धावत आल्या. नाना पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांनी शलाकाला उचलून चक्क गिरकी घेतली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नानांकडे बघून त्या हिरव्या चित्रावर सही केली, कारण नानांच्या शाळेत तयार झालेल्या पोरीवर शंका कोण घेणार? लगेच हर्णैला फोन लागला. चंद्रावरचा शब्द पृथ्वीवर पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात नानांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"खरंच येतोस?" अक्काचा बारीक आवाज आला. "मग सुकटीची चटणी करून ठेवायला सांगते."

नाना सामान बांधायला लागले. शलाकाला मात्र काहीतरी टोचत होतं. कुणीही हिशेब दाखवला की नाना पहिला प्रश्न एकच विचारायचे, "जाळी बारीक करून पाहिलीस?" त्या प्रश्नाला अख्खा दवाखाना कंटाळला होता. आज नानांनी तो विचारलाच नव्हता.

कुणाला न सांगता तिने जाळी बारीक केली आणि गणित सुरू केलं. तीन दिवस कॉम्प्युटर गुरगुरत होता आणि शलाका मनात देवाला विनवत होती, हिरवंच राहू दे, हिरवंच राहू दे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात जिथे संपतो, त्या टोकाशी एक लाल ठिपका होता. मुगाच्या दाण्याएवढा. तो होता यान उतरतानाच्या हिसक्याचा. चंद्रावर इतकी वर्षं कमी भार वाहून विरलेलं हाड तिथेच फुटणार होतं.

शलाका ढसाढसा रडली. खोली रिकामी होती. एक बटण दाबलं असतं तर ते चित्र पुसलं गेलं असतं, आणि हिरव्या चित्रावर तर सही झालेलीच होती. तिचा हात बटणापर्यंत गेलाही. मग तिला यानात बसलेले नाना दिसले, आणि तो हिसका.

ती नानांकडे गेली. ते पेटीत नवा सदरा ठेवत होते.

"नाना, मी जाळी बारीक करून पाहिली."

नाना हळूच पलंगावर बसले. चित्र बघायलासुद्धा त्यांनी मागितलं नाही.

"लाल आहे ना? दांड्याच्या टोकाशी?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटत होतं गं. म्हणून तर विचारलं नाही." त्यांनी सदरा पुन्हा पेटीबाहेर काढला. "चार दिवस तरी खरं मानावंसं वाटलं."

"पण आधी तर हिरवं होतं!"

"हर्णैला आमच्या जाळ्याची भोकं मोठी असली की बारीक मासा निसटायचा. म्हणून काय समुद्रात मासा नव्हता? तुकडा मोठा घेतला की एका कोपऱ्यातला जबर ताण अख्ख्या तुकड्यात वाटला जातो नि दिसेनासा होतो. म्हणून जाळी बारीक करत जायची, उत्तर बदलायचं थांबेपर्यंत. तू केलंस ते बरोबर केलंस."

"दुसरा सांधा घालू या, जाड!"

"हाड पातळ झालंय, बाळा. ते भरायला दोन वर्षं औषधं आणि व्यायाम लागेल. अक्काकडे तेवढा वेळ नाही."

नानांनी तिला जवळ घेतलं आणि दोघं पोटभर रडले.

फोन नानांनी स्वतः केला. "अक्का, मला येता येत नाही गं. खुबा नाही टिकायचा." मग ती अडीच सेकंदं. शलाकाला ती संपता संपेनात.

"नको येऊस मग," अक्का म्हणाली. "पाय सांभाळ. तुला चालायला मीच शिकवलंय."

यान गेलं. नानांची जागा रिकामीच होती. हर्णैला पावसाळा संपता संपता अक्का गेली. नाना कितीतरी दिवस दवाखान्यात फिरकलेच नाहीत, आणि ती पेटी त्यांनी उघडलीही नाही.

शलाका मात्र रोज शाळा सुटली की कॉम्प्युटरसमोर बसायची. डॉक्टरीणबाईंशी भांडून भांडून तिने एक नवा नियम करून घेतला. इथून पुढे सोमवाडीत बसणारा प्रत्येक सांधा चंद्रासाठी तपासायचाच, पण पृथ्वीसाठीही. दांड्याचं टोक निमुळतं आणि लवचीक केलं, तर हाडावरचा ताण एका जागी साचत नाही, पसरतो, हेही तिने शोधून काढलं. किती बेत फसले, तेव्हा कुठे एक जमला.

पुढच्या वर्षी खानावळीतल्या जरीनाबाई पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांची आई साताऱ्याला होती, थकलेली. त्यांच्यासाठी नव्या तऱ्हेचा सांधा आखला, त्या दिवशी नाना बऱ्याच काळाने दवाखान्यात आले आणि शलाकाच्या पाठीशी उभे राहिले. पडद्यावर पृथ्वीचा पूर्ण भार होता, उतरतानाचा हिसकाही होता, आणि रंग हिरवा होता.

"जाळी बारीक करून पाहिलीस?" नानांनी विचारलं.

"पाहिली, नाना. मग आणखी बारीक केली. हिरवं ते हिरवंच राहिलं."

नानांनी पडद्यावरच्या त्या हिरव्या टोकावरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "मग जाऊ दे तिला घरी."